क्लबच्या ऑफिसात माणसं बदलताना: नवी मुंबई-ठाण्यातल्या व्यावसायिक फुटबॉल क्लबसाठी हस्तांतराची पद्धत

कोच बदलला की गावभर चर्चा होते. सीईओ, फुटबॉल संचालक, टीम मॅनेजर किंवा क्लबचा सचिव बदलला तर बाहेर दोन ओळींची बातमी येते, पण आत महिनाभर घोडं अडून बसतं. पगार चार दिवस लांबतो, नव्या खेळाडूची नोंदणी शेवटच्या रात्री लटकते आणि ओटीपी परवा राजीनामा दिलेल्या माणसाच्या फोनवर जात राहतो. यातलं जवळजवळ सगळं टाळता येतं. माणूस हलण्याआधी तारखा आणि सह्या कोणाच्या हातात आहेत ते पाहायचं आणि त्या आधी हलवायच्या. खुर्ची, केबिन, व्हिजिटिंग कार्ड हे सगळं त्यानंतर.

भारतीय फुटबॉलमध्ये ही तयारी कायम ठेवणं आता गरजेचं झालंय. एआयएफएफ (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) आणि आयएसएल (इंडियन सुपर लीग) चालवणारी एफएसडीएल कंपनी यांच्यातला २०१० चा १५ वर्षांचा करार संपत आला आणि जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम थांबवून ठेवण्यात आला, तेव्हा काही क्लबांनी पहिल्या संघाचं कामकाजच स्थगित केलं. अशा काळात ऑफिसातला माणूस कधी निघेल याचा भरवसा नसतो. राजीनामा आल्यावर यादी करायला बसलात तर उशीर झालेला असतो.

दिवस कोणता धरायचा

आपल्याकडे खेळाडूंचे बहुतेक करार ३१ मे रोजी संपतात आणि उन्हाळी ट्रान्स्फर विंडो (नवे खेळाडू नोंदवता येतात तो ठरावीक काळ) त्यानंतर उघडते. विंडोच्या नेमक्या तारखा एआयएफएफ दर हंगामात जाहीर करते. नवा माणूस विंडो उघडण्याच्या किमान ४ आठवडे आधी खुर्चीत बसलेला हवा. एवढा वेळ पोर्टलचे हक्क बदलायला, बँकेला आणि करार वाचायला लागतोच.

महिन्यातला दिवसही बघून ठरवा. टीडीएस ७ तारखेला भरायचा, जीएसटीच्या विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची मुदत ११, पीएफ आणि ईएसआयसीची १५, जीएसटीआर-३बी ची २०. म्हणजे २१ ते २५ या पाच दिवसांत सहीचा माणूस बदलला तर जुन्याच्या हातून सगळी भरणी झालेली असते आणि पुढच्या ७ तारखेपर्यंत नव्याला जरा श्वास मिळतो. मध्ये पगार येतो, म्हणून बँकेचा अर्ज आधीच्या महिन्यातच टाकायचा. १ तारखेला बदल करणं कागदावर नीटनेटकं दिसतं, पण पहिल्याच आठवड्यात टीडीएस अंगावर येतो.

दोन मोठी पदं एकाच वेळी रिकामी होऊ देऊ नका. मँचेस्टर युनायटेडमध्ये २०१३ च्या उन्हाळ्यात मॅनेजर (तिकडे म्हणजे मुख्य कोच) अॅलेक्स फर्ग्युसन आणि मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल बरोबरच गेले. त्या वर्षी मारुआन फेलाइनी या खेळाडूच्या एव्हर्टन क्लबबरोबरच्या करारात साधारण २ कोटी ३५ लाख पौंडांना सोडण्याचं कलम होतं, ते ३१ जुलैला संपलं. युनायटेडने त्याला विंडोच्या शेवटच्या दिवशी २ कोटी ७५ लाखांना घेतलं. एवढा पैसा आणि एवढी माणसं असलेल्या क्लबातही तारीख हातची जाते. आपल्याकडे तर करार, नोंदणी आणि व्हिसा हे तिन्ही बहुतेक वेळा एकच माणूस सांभाळतो, त्यामुळे तो आणि सीईओ यांच्या जाण्यात निदान एका विंडोचं अंतर ठेवा.

ठराव, आणि त्याच्या प्रती

क्लब प्रायव्हेट लिमिटेड असेल तर पहिला कागद संचालक मंडळाचा ठराव. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणाचे अधिकार कोणत्या तारखेपासून काढले, कोणाला दिले आणि किती रकमेपर्यंत. ‘सर्व अधिकार देण्यात येत आहेत’ असं मोघम लिहिलेला ठराव बँक परत पाठवते. बँक खातं चालवणं, खेळाडूंचे करार, फेडरेशनशी पत्रव्यवहार, कर आणि पीएफ, व्हिसाची पत्रं अशी कामं वेगवेगळी लिहा. प्रमाणित प्रती डझनभर काढून ठेवा. बँक, विफा (राज्याची फुटबॉल संघटना), एआयएफएफ, जीएसटी, पीएफ, मैदानाचा मालक असा प्रत्येक जण स्वतःची प्रत मागतो.

जाणारा किंवा येणारा माणूस संचालक असेल तर कंपनी रजिस्ट्रारकडे डीआयआर-१२ फॉर्म ३० दिवसांत भरायचा, आणि जीएसटीतला संचालकाचा तपशील १५ दिवसांत बदलायचा. तो नुसता नोकरीवरचा मॅनेजर असेल तर डीआयआर-१२ चा प्रश्न नाही.

क्लबच्या मागे सार्वजनिक न्यास किंवा संस्था असेल तर मात्र लक्ष द्या. विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत नोंदीत जुनीच नावं राहतात आणि बँक त्यावर बोट ठेवते. अर्ज अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सभेची नोटीस सगळ्यांना पोचल्याचा पुरावा नसणं. नोटीस रजिस्टर पोस्टाने किंवा सही घेऊन द्या आणि हजेरीपट फाइलला लावा, नाहीतर नाराज सभासद एका हरकतीने अख्खं प्रकरण लांबवतो.

कोणत्या कार्यालयात जायचं याचाही घोळ होतो, कारण नवी मुंबई म्हणजे एक जिल्हा नव्हे. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि नवी मुंबई महापालिकेत. खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात आणि पनवेल महापालिकेत. पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हींना नवी मुंबईचंच. ठाणे शहराची महापालिका आणि आयुक्तालय वेगळं. क्लबचं नोंदणीकृत ऑफिस वाशीला, सरावाचं मैदान खारघरला आणि सामना नेरूळला असेल तर एका बदलासाठी दोन महापालिका आणि दोन जिल्ह्यांची पत्रं लागतात. पहिल्याच दिवशी कागदावर पत्त्यानुसार तक्ता मांडून घ्या.

चाव्या: क्रम चुकवू नका

सह्या आणि लॉगिन बदलताना आधी बँक, मग खेळाडू नोंदणी, मग ईमेल आणि डोमेन, मग सोशल मीडिया, मग बाकीचं. सोशल मीडिया डोळ्यांसमोर असतो म्हणून बहुतेक जण तिथून सुरुवात करतात. फेसबुक पेज दोन दिवस हातात नसेल तर फारसं बिघडत नाही, पण नोंदणीचं लॉगिन दोन तास बंद राहिलं तर खेळाडू हातचा जातो.

बँकेत नवी सही चढल्याशिवाय जुनी काढू नका. निदान एक पगार दोन्ही सह्या चालू असताना होऊ द्या. नेट बँकिंगचं टोकन आणि मंजुरीचा मोबाइल नंबर हे दोन वेगळे अर्ज असतात. पहिला दिला आणि दुसरा विसरला, असं सर्रास होतं.

आंतरराष्ट्रीय ट्रान्स्फर फिफाच्या टीएमएस या ऑनलाइन प्रणालीतून होते आणि देशातली नोंदणी एआयएफएफच्या सीआरएस या प्रणालीतून. टीएमएस चालवणारा माणूस प्रशिक्षित असावा लागतो. नवा माणूस हुशार आहे म्हणून शेवटच्या दिवशी त्याला लॉगिन देऊन भागत नाही. जुना असतानाच नव्याचं खातं उघडून एखादी नोंद, निदान उसन्यावर दिलेला खेळाडू परत घेण्याची, दोघांनी शेजारी बसून पूर्ण करावी. फिफा क्लिअरिंग हाऊसकडे तुमच्या क्लबचा तपशील कोणाच्या नावाने आहे तेही बघा. खेळाडू घडवणाऱ्या क्लबाला मिळणारे प्रशिक्षण भरपाई आणि सॉलिडॅरिटीचे पैसे तिथूनच येतात आणि जुन्या ईमेलवर गेलेलं पत्र कोणी उघडलं नाही तर तो पैसा अडकतो.

डिजिटल सहीचं टोकन ही त्या माणसाची वैयक्तिक सही आहे. ‘टोकन ठेवून जा, महिनाभर आम्ही वापरतो’ अशी गळ कोणी घातली तर स्पष्ट नकार द्या. पुढे कुठली सही कोणी केली यावरून प्रकरण गळ्याशी येतं. नव्या माणसाची डिजिटल सही व्हिडिओ पडताळणीसकट व्हायला काही दिवस लागतात, त्यानंतर ती पीएफ पोर्टलवर वेगळी चढवावी लागते. वाशी आणि ठाणे दोन्हीकडे पीएफचं कार्यालय आहे, तुमचा कोड कुठल्या कार्यालयाचा आहे ते बघून पत्र द्या.

मोबाइल नंबरांचं दुखणं मुळातूनच संपवा. कंपनीच्या नावावर दोन पोस्टपेड सिम घ्या आणि सगळ्या पोर्टलचे ओटीपी त्यावर वळवा. एक सिम हिशोब विभागात, एक टीम मॅनेजरकडे. हँडसेट ऑफिसचा, कुलूप ऑफिसचं. डोमेनची नोंदणी कोणाच्या ईमेलवर आणि कोणाच्या कार्डवर आहे ते जरूर तपासा. एखाद्या उत्साही माणसाने सुरुवातीला स्वतःच्या कार्डावर घेतलेलं डोमेन तो गेल्यावर नूतनीकरणाविना संपतं आणि त्याबरोबर सगळे ईमेल बंद पडतात. जाणाऱ्याचा ईमेल बंद करू नका. पासवर्ड बदलून निदान वर्षभर चालू ठेवा आणि येणारी पत्रं दोन जणांकडे वळवा.

करारवही: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

करारांच्या पीडीएफचं फोल्डर म्हणजे करारवही नव्हे. प्रत्येक करार अथपासून इतिपर्यंत वाचून प्रत्येक खेळाडूची एक ओळ तयार करावी लागते. २६ खेळाडू आणि १० जणांचा प्रशिक्षकवर्ग असेल तर दोन माणसांचं तीन-चार दिवसांचं काम आहे. ओळ अशी दिसायला हवी:

डावा बॅक. करार ३१ मे रोजी संपतो. एक वर्ष वाढवण्याचा पर्याय क्लबकडे, लेखी नोटीस ३१ मार्चपर्यंत. लीगचे २० सामने खेळला तर वाढ आपोआप, आतापर्यंत १७ खेळला, उरलेले सामने ५. घरभाडं क्लबकडे. दर सामन्याचा बोनस, मागच्या दोन सामन्यांचा देणं बाकी. एजंटाचा दुसरा हप्ता १५ एप्रिलला.

आता यातला धोका बघा. पर्यायाची तारीख निघून गेली तर तो खेळाडू फुकट जातो. तो नकोसा असेल आणि कोचने त्याला आणखी तीन सामने खेळवलं तर क्लबला आणखी एक वर्षाचा पगार लागू होतो. ही माहिती कोच, फुटबॉल संचालक आणि हिशोबनीस या तिघांनाही त्याच आठवड्यात हवी. ऑफिस बदलताना नेमकी हीच ओळ एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जात नाही.

वहीत हे रकाने हवेतच: कराराची शेवटची तारीख, पर्याय आणि नोटीसची तारीख, सुटका कलम (ठरलेल्या रकमेला सोडण्याचं) आणि त्याची मुदत, उसन्यावर असेल तर परत बोलावण्याची तारीख, पुढच्या विक्रीतला जुन्या क्लबचा हिस्सा, बोनसचे टप्पे, एजंटाचे हप्ते, प्रतिमा हक्क (नाव-फोटो वापरण्याचे), विमा, पासपोर्ट आणि व्हिसाची मुदत. करार संपायला ६ महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी करार करायला मोकळा असतो, म्हणून ती तारीख लाल शाईने लिहा. फिफाच्या नियमांनुसार करार जास्तीत जास्त ५ वर्षांचा आणि १८ वर्षांखालच्या खेळाडूचा ३ वर्षांचा असतो. अकादमीच्या मुलांचे जुने करार या नियमात बसतात का तेही याच वेळी बघून घ्या.

पगाराबद्दल कडक राहा. दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडू लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत देऊ शकतो आणि तेवढ्यातही पैसे आले नाहीत तर योग्य कारणाने करार मोडू शकतो. भरपाई वर. देणी ३० दिवसांहून जास्त थकली तरी फिफाकडे तक्रार होऊ शकते आणि तिचा शेवट नवे खेळाडू नोंदवण्यावरच्या बंदीत होऊ शकतो. ‘सही बदलत होती म्हणून उशीर झाला’ हे कारण तिथे चालत नाही, आणि चालूही नये. पगारावर त्या खेळाडूचं घर चालतं.

जाणाऱ्याकडून एक कागद आवर्जून सही करून घ्या: तोंडी शब्दांची यादी. ‘पुढच्या वर्षी वाढ बघू’, ‘बायकोच्या तिकिटाचं करतो’, ‘डिसेंबरात ऑफर आली तर सोडू’ अशी वाक्यं प्रत्येक क्लबात बोललेली असतात. कायद्याने त्यांचं वजन किती, हा नंतरचा प्रश्न. खेळाडूच्या लेखी ते क्लबचे शब्द असतात आणि नव्या माणसाला ते माहीत नसले तर पहिल्याच भेटीत विश्वास तुटतो. यादी हातात आल्यावर प्रत्येक शब्द पाळायचा की समोर बसून नाकारायचा ते ठरवा.

आणि फ्लॅट. परदेशी खेळाडूंसाठी नेरूळ-खारघरमध्ये घेतलेले फ्लॅट बऱ्याचदा टीम मॅनेजरच्या वैयक्तिक नावाने ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर असतात. तो गेला की डिपॉझिट त्याच्या खात्यात परत येतं आणि सोसायटी खेळाडूला प्रश्न विचारू लागते. करार कंपनीच्या नावाने नव्याने नोंदवा आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. परदेशी पाहुण्याच्या माहितीचा फॉर्म (पूर्वीचा सी-फॉर्म) घरमालकाने २४ तासांत भरायचा असतो, तो भरल्याची खात्री करा. १८० दिवसांहून लांब मुदतीच्या व्हिसावर आलेल्याची एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं कार्यालय) नोंदणी आल्यापासून १४ दिवसांत करावी लागते. त्या अर्जावर क्लबतर्फे ज्याची सही आहे तोच गेला असेल तर नव्याचं अधिकारपत्र ई-एफआरआरओ पोर्टलवर चढवा.

नोंदणीची शेवटची रात्र

इंग्लंडच्या लेस्टर सिटीने ३१ ऑगस्ट २०१७ रोजी अॅड्रिएन सिल्वाचे कागद १४ सेकंद उशिरा पूर्ण केले आणि तो खेळाडू जानेवारीपर्यंत खेळू शकला नाही. ऑफिस बदललेल्या वर्षी स्वतःपुरती मुदत ४८ तास आधीची धरा. सही झालेला करार, पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, जुना करार संपल्याचा पुरावा आणि पैशांचा तपशील एकत्र असल्याशिवाय नोंद सुरू करू नका. अर्धवट नोंद अडकण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे नावाचं स्पेलिंग: पासपोर्टवर एक, करारात दुसरं. नवा माणूस घाईत असतो आणि त्याला जुन्या नोंदी ठाऊक नसतात, म्हणून तपासणी दुसऱ्या कोणाकडून करून घ्या.

क्लब लायसन्सिंगमध्ये, म्हणजे स्पर्धेत खेळण्याच्या परवान्यासाठी, सीईओ, वित्त अधिकारी, मीडिया अधिकारी, सुरक्षा अधिकारी, डॉक्टर, फिजिओ अशी पदं भरलेली असावी लागतात. हंगामात पद रिकामं झालं तर परवाना देणाऱ्याला लेखी कळवून मुदतीत पात्र माणूस नेमावा लागतो. नुसतं नाव पाठवून भागत नाही, नेमणूकपत्र आणि पात्रतेचे दाखले जोडावे लागतात.

मैदान

जुन्या मॅनेजरच्या ओळखीवर चालणारी व्यवस्था इथे सगळ्यात आधी कोसळते. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम असो, तिथलंच यशवंतराव चव्हाण मैदान असो की ठाण्याचं दादोजी कोंडदेव, प्रत्येक आरक्षणाचं लेखी पत्र, भरलेली रक्कम, डिपॉझिटची पावती आणि रद्द करण्याच्या अटी एका फाइलला लावा. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ हे आरक्षण धरू नका. डी. वाय. पाटीलवर क्रिकेट आणि मोठे जलसे दोन्ही होतात. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम तिथे झाले, त्याच वर्षी २ नोव्हेंबरला महिला क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत. अशा कार्यक्रमानंतर गवत सावरायला वेळ लागतो. म्हणून नव्या माणसाने सामन्यांच्या तारखा आणि स्टेडियमचं वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात शेजारी ठेवून बघावं. पोलीस बंदोबस्त, अग्निशमन आणि रुग्णवाहिकेचे अर्ज ज्याच्या सहीने गेलेत त्याची जागा कोण घेणार हे पोलीस ठाण्याला लेखी कळवा. जूनपासून पावसात सरावाचं मैदान बदलावं लागतं, त्या पर्यायी मैदानाचं पत्रही फाइलमध्ये हवं.

माणसांना सांगायचं कसं

आधी खेळाडू, मग कर्मचारी, मग पत्रकार, आणि हे सगळं एकाच सकाळी. सराव संपल्यावर ड्रेसिंग रूममध्ये मालकाने किंवा अध्यक्षाने स्वतः सांगावं. खेळाडूंना तीनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: पगार वेळेवर होणार का, माझा करार कोण बघणार, कोच राहतोय का. तिन्हींची उत्तरं तयार नसतील तर सभा पुढे ढकला.

किटमन, फिजिओ आणि मैदान सांभाळणारे यांना वेगळं भेटा. नवा सीईओ आपली माणसं घेऊन येतो आणि जुने ओळीने जायला लागतात, हे बघून वाईट वाटतं, कारण क्लबची खरी स्मृती त्यांच्याकडेच असते. खेळाडूंच्या वैद्यकीय फाइली मॅनेजरच्या हस्तांतरात आणू नका. त्या डॉक्टरकडून डॉक्टरकडे, खेळाडूच्या संमतीने.

१० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या क्लबात लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखालची अंतर्गत समिती असते. तिची अध्यक्ष ज्येष्ठ महिला कर्मचारी असावी लागते आणि ऑफिस बदलात नेमकी तीच बाहेर पडली तर समितीच उरत नाही. त्याच दिवशी नवी नेमणूक करा. अकादमी असेल तर मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी ज्या व्यक्तीकडे आहे तिचा फोन नंबर पालकांना कळवा.

जाणाऱ्याला नोटीसच्या काळात कामावर ठेवायचं की घरी, हाही निर्णय आधीच घ्या. इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबने आपला क्रीडा संचालक डॅन अॅशवर्थला फेब्रुवारी २०२४ मध्ये पगारी रजेवर पाठवलं, तो १ जुलैला मँचेस्टर युनायटेडमध्ये रुजू झाला आणि डिसेंबरात तिथूनही बाहेर पडला. प्रतिस्पर्धी क्लबात जाणाऱ्याला खेळाडूंच्या यादीपासून दूर ठेवणं रास्त आहे, पण त्याआधी करारवही पूर्ण करून घ्या. नोकरी सुटल्यानंतर दुसऱ्या क्लबात काम करू नये अशी अट आपल्याकडे कोर्टात टिकत नाही. नोटीसच्या काळातली बंधनं आणि गोपनीयतेची अट मात्र टिकते, त्यामुळे करारात भर तिथे द्या.

नव्या माणसाने पहिल्या ३० दिवसांत कोच, किट पुरवठादार किंवा हिशोबाचं सॉफ्टवेअर यातलं काहीही बदलू नये. तिसाव्या दिवशी जुना, नवा आणि संचालकांचा एक प्रतिनिधी एकत्र बसून हस्तांतर यादीवर ओळीने सह्या करतात: काय मिळालं, काय राहिलं, राहिलेलं कोण कधी देणार. त्यानंतर जुन्याचे उरलेले सगळे प्रवेश बंद करायचे, त्याची थकबाकी त्याच दिवशी चुकती करायची आणि अनुभवाचा दाखला हातात द्यायचा.